निळ्या कडीचा गळ

मला कोणतीही वस्तू द्या, मी तिच्यावर साठ शब्द लिहून देतो. फुटकं मडकं द्या, मोडकी तलवार द्या, एक बाही उरलेला अंगरखा द्या! साठ म्हणजे साठ. एकोणसाठ नाही, एकसष्ट नाही. आमच्या वस्तुसंग्रहालयात काचेच्या कपाटांशेजारी ज्या छोट्या पाट्या असतात, त्या गेली बावीस वर्षं मी लिहितो. लोक वस्तू बघतात अर्धं मिनिट आणि पाटी वाचतात दोन मिनिटं, हे मी स्वतः खांबाआड उभं राहून घड्याळ लावून मोजलेलं आहे.

आता खरं गुपित सांगतो. मी वस्तू बघत नाही. वस्तू असतात तळघरात, तिथे जायला बासष्ट पायऱ्या आहेत आणि माझे गुडघे दोनच आहेत. त्यामुळे तळघरातून वस्तूचा फोटो आणि माहितीचं कार्ड वर यायचं आणि माझी पाटी खाली जायची. उलट वस्तू समोर आली की माणूस बावचळतो, शब्द वाढतात, असं माझं ठाम मत होतं. होतं.

यंदा आमच्याकडे मोठं प्रदर्शन भरायचं ठरलं. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या समुद्रावरची चाचेगिरी आणि गुलामगिरी. पहिलं दालन चाच्यांचं, आतलं दालन गुलामांचं. त्याच सुमारास आमचे लेखनप्रमुख निवृत्त झाले आणि त्यांची खिडकीजवळची खुर्ची रिकामी झाली. त्या खिडकीतून बागेतलं तळं दिसतं. संचालकसाहेब मला म्हणाले होते की या प्रदर्शनाच्या पाट्या झकास झाल्या, तर उद्घाटनाच्या दिवशीच सर्वांसमक्ष ती खुर्ची तुमची. बावीस वर्षं मी जिन्याखालच्या टेबलावर काढली होती, त्यामुळे माझी अवस्था काय झाली असेल ती तुम्हीच समजा. मी येताजाता त्या खुर्चीवर बसून बघत होतो.

आणि नेमकं त्याच आठवड्यात सासूबाईंच्या गळाचा आकडा वाकला.

आमच्या सासूबाई आमच्याजवळच राहतात. अंगणात गल्लीची सामाईक विहीर आहे आणि विहिरीत पडलेली वस्तू काढायचा गळ फक्त सासूबाईंकडे आहे. चार आकडे, वर एक कडी, कडीला दोर. हा गळ त्यांच्या वडिलांचा. गल्लीत कुणाची बादली पडो, कळशी पडो, किल्ली पडो, तो माणूस सासूबाईंच्या दारात येऊन मान खाली घालून उभा राहतो. गळ त्या हातात देत नाहीत. स्वतः येतात, स्वतः टाकतात आणि वस्तू वर येईपर्यंत निष्काळजीपणावर चार शब्द ऐकवतात. परत देताना कुणी अदलाबदल करू नये म्हणून, म्हणजे जो गळ मुळात कुणाला देतच नाहीत त्यासाठी, त्यांनी कडीला निळा रंगही फासून ठेवला होता. आमच्या दाराला लावून उरलेला.

आकडा वाकल्यावर त्यांनी दोर सोडून ठेवला, गळ वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “जावईबापू, तुमच्या त्या लोखंडवाल्या मित्राकडून सरळ करून आणा. हरवू नका.”

हा मित्र म्हणजे आमचा गंजोबा. तळघरात जुन्या लोखंडाचा गंज काढायचं काम करतो, म्हणून हे नाव. महिन्यातून एकदा उतरावं लागतं तसा मी बासष्ट पायऱ्या उतरलो. गंजोबा जागेवर नव्हता. समोर दिसलं त्या टेबलावर पुडकं ठेवलं, वर आलो आणि फोन करून सांगितलं, “टेबलावर ठेवलंय, बघ.” गंजोबाने स्वतःचं टेबल बघितलं. त्यावर काही नव्हतं. मीच परत नेलं असेल असं समजून तो ही गोष्ट विसरून गेला.

मी ठेवलं होतं ते टेबल पांढरं होतं!

पांढरं टेबल नोंदबाईंचं. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू आधी त्या टेबलावर येते, तिथे तिला क्रमांक मिळतो, फोटो निघतो, कार्ड होतं. एकदा क्रमांक मिळाला की तीन सह्यांशिवाय ती वस्तू इकडची तिकडे हलत नाही. नोंदबाई इतक्या कडक आहेत की एकदा त्यांनी त्या टेबलावर स्वतःचा चष्मा ठेवला, त्याला क्रमांक दिला आणि तीन दिवस चष्म्याविना काढले. त्या सकाळी एका बंदरावरच्या छोट्या संग्रहालयाची पेटी आली होती. यादीत लिहिलं होतं, ‘लोखंडी वस्तू, सात.’ वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, पेंढ्यात खुपसलेल्या. बाईंनी पेटीतली पुडकी काढून टेबलावर रचली, मोजली. सात भरली. बाईंनी पेटी बंद केली.

चार दिवसांनी माझ्याकडे सातव्या वस्तूचा काळा-पांढरा फोटो आला. दोर नाही, उलटा, आकड्यांवर उभा. कार्डावर लिहिलं होतं: लोखंड, चार आकडे, एक वाकलेला, कडीवर निळ्या रंगाचे अंश. मी चष्मा पुसला आणि एका बैठकीत पाटी लिहून काढली. ती इथे देतो, कारण लपवून आता उपयोग नाही.

‘थांबा! या गळाने भल्याभल्यांना पाणी पाजलं आहे. दोराला बांधून तो भरसमुद्रात फेकला जाई आणि पळणाऱ्या जहाजाच्या कठड्यात रुतला की सुटका नसे. चारांपैकी एक आकडा वाकलेला दिसतो ना? ती घनघोर लढाईची खूण. जहाज वाकलं नाही, चाचेही वाकले नाहीत, वाकलं ते लोखंड! कडीवरचा निळा रंग कोणत्या अभागी जहाजाचा, हे त्या अथांग दर्यालाच ठाऊक. तीनशे वर्षांनंतर आज मात्र हा गळ इथे शांत आहे.’

मोजा हवं तर. साठ.

रोज सकाळी ज्या निळ्या दारातून मी बाहेर पडतो, ते दार मला त्या क्षणी आठवलं नाही. संचालकसाहेब पाटी वाचून खुर्चीवरून उठलेच. म्हणाले, हीच आपली मुख्य वस्तू! मग गळ पहिल्या दालनाच्या मधोमध गेला, त्याच्यावर खास दिवा आला आणि त्याचाच फोटो मोठा करून जाहिरातीचे फलक छापायला गेले.

घरी सासूबाई दर दोन दिवसांनी गळाची चौकशी करत होत्या आणि तो दुरुस्तीला आहे असं मी सांगत होतो. मला खरंच तसं वाटत होतं. विहिरीच्या तळाशी तोवर तीन बादल्या जमल्या होत्या आणि गल्लीतले लोक माझ्याकडे रागाने बघायला लागले होते.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मी पाट्या लावायला दालनात गेलो आणि गळ पहिल्यांदा रंगात बघितला. निळा! आमच्या दाराचा निळा! पायाखालची जमीन सरकते म्हणतात, माझी तर दालनासकट सरकली. मी धावत, म्हणजे माझ्या गुडघ्यांना जमेल तसा धावत, तळघरात गेलो. गंजोबाने हात वर केले. मग नोंदबाईंना गाठलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं की समजा, नुसतं समजा, एखादी घरगुती वस्तू चुकून पांढऱ्या टेबलावर आली, तर ती परत कशी मिळते. बाई म्हणाल्या, मालकाने स्वतः यायचं, ओळखीची खूण सांगायची, खूण पटली तर अर्ज, मग तीन सह्या. आणि चूक कुणाची होती ते अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहायचं.

पहिल्याच ओळीत! म्हणजे खिडकी गेली, तळं गेलं, मी जन्मभर जिन्याखाली.

मी गप्प बसायचं ठरवलं. उद्घाटन पार पडू दे, खुर्ची पदरात पडू दे, मग बघू. संध्याकाळी बाजारातून नवा गळ घेतला, दाराचा उरलेला रंग कडीला फासला आणि सासूबाईंच्या हातात नेऊन ठेवला. त्यांनी तो हातात तोलून बघितला.

“हलका लागतोय,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, गंज काढला ना. त्यांनी मान हलवली. मला हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी तळहात उलटा केला, तर अख्खा तळहात निळा! रंग ओला होता. मी म्हटलं, नव्याने दिलाय. त्या पुन्हा मान हलवून आत गेल्या. मी बायकोला म्हटलं की बघ, किती सहज पार पडलं. ती म्हणाली, “अहो, आई ओरडली नाही. मला लक्षण बरं दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी, बायको आणि सासूबाई असे तिघे उद्घाटनाला निघालो. सासूबाईंना न्यायचं माझ्या मनात नव्हतं, पण जावयाला मोठेपण मिळणार म्हटल्यावर त्या सकाळपासूनच तयार होऊन बसल्या होत्या. बसथांब्यावर पोचलो आणि समोर फलक. माणसाच्या उंचीचा गळ! खाली मोठी अक्षरं, ‘या गळातून कुणाची सुटका नाही.’ हेही मीच सुचवलेलं.

सासूबाई फलकासमोर उभ्या राहिल्या. फलक बघितला, मग आपला तळहात बघितला. घासूनसुद्धा बोटांच्या पेरांत थोडा निळा उरला होता. मग त्यांनी पिशवीची गाठ घट्ट केली आणि बसमध्ये चढल्या. वाटेत एक अक्षर नाही. मी मात्र हवापाण्यावर अखंड बोलत होतो.

दालन पाहुण्यांनी भरलं होतं. संचालकसाहेबांनी सगळ्यांना गळाच्या कपाटापाशी नेलं, पाटी मोठ्याने वाचली, ‘वाकलं ते लोखंड’ला आवाज चढवला, आणि म्हणाले की हे लिहिणारे गृहस्थ आजपासून आमचे लेखनप्रमुख. टाळ्या पडल्या. बावीस वर्षांनी पडल्या. मी मान झुकवली, आणि ती वर करेपर्यंत सासूबाई कपाटाला नाक लावून उभ्या होत्या.

“हे तुम्ही लिहिलंत?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

“ही घनघोर लढाई कधी झाली म्हणालात?”

“साधारण तीनशे वर्षांपूर्वी,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“गेल्या महिन्यात झाली,” सासूबाई म्हणाल्या. “पोस्टमनची सायकल होती.”

 मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पाठोपाठ सगळं दालन हसायला लागलं. संचालकसाहेब हसत नव्हते. सासूबाई त्यांच्याकडे वळून शांतपणे सांगायला लागल्या की सायकल वर येता येता अडकली, पोस्टमनला मदतीला घेतलं, त्याने नको तिकडे ओढलं आणि आकडा वाकला. निळा रंग कोणत्या जहाजाचा ते दर्याला ठाऊक नसलं तरी आमच्या दाराला ठाऊक आहे. मी जमिनीकडे बघत होतो. त्या दालनाची फरशी फार सुबक आहे, हे बावीस वर्षांत पहिल्यांदा लक्षात आलं.

नोंदबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “ओळखीची खूण?”

“कडीच्या आतल्या बाजूला कानशीचे तीन घाव आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या वडिलांनी केलेत. आम्ही तिघी बहिणी. प्रत्येकीच्या जन्माला एक.”

बाईंनी हातमोजे घातले, कपाट उघडलं, कडी बॅटरीच्या उजेडात धरली आणि म्हणाल्या, “तीन आहेत.” पुढच्याच क्षणी त्यांचा चेहरा पांढऱ्या टेबलासारखा झाला. यादी सात वस्तूंची होती. गळ आमचा निघाला. म्हणजे पेटीतून सहाच निघाल्या होत्या. मग सातवी कुठे होती?

पुढचा प्रसंग असा की पुढे नोंदबाई, मागे संचालकसाहेब, त्यांच्यामागे उत्साही पाहुणे, मग माझी बायको, मग सासूबाई आणि शेवटी मी, अशी वरात बासष्ट पायऱ्या उतरत होती. बाईंनी उतरता उतरताच अर्ज भरला. संचालकांनी तो गंजोबाच्या पाठीवर ठेवून सही केली, आणि पहिल्या ओळीत चूक कुणाची ते मी माझ्याच अक्षरात लिहिलं. तीन सह्या झाल्या आणि गळ सासूबाईंच्या हाती आला.

पेटी अरुंद आणि छातीइतकी खोल होती. तळाशी पेंढा, आणि पेंढ्याखाली, फळीच्या फटीत, सुतळीने बांधलेलं एक छोटं पुडकं अडकलेलं बॅटरीत दिसत होतं. कुणाचाच हात पोचेना. पेटी उसनी, ती आडवी करायची तर बंदरावरच्या संग्रहालयाची लेखी परवानगी हवी, असं नोंदबाईंनी बजावलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सासूबाईंनी पिशवीची गाठ सोडली आणि आतून दोर काढला. घरून निघतानाच घेतला होता! आदल्या संध्याकाळच्या त्या दोन मान हलवण्यांचा अर्थ मला तेव्हा कळला.

नोंदबाईंनी अडवायचा प्रयत्न केला. सासूबाई म्हणाल्या की चाळीस वर्षांत एक कळशी फोडलेली नाही. आणि त्यांनी गळ सोडला. वाकड्या आकड्याने त्यांनी पेंढा हळूच बाजूला केला, सरळ आकडा सुतळीत अडकवला आणि पुडकं वर घेतलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वरती मिळाल्या होत्या त्यापेक्षा जास्तच, पण ते असो.

बाईंनी पुडकं पांढऱ्या टेबलावर ठेवून उलगडलं. आत एक लोखंडी कडं होतं. जाड, काळं, बिजागरीचं. सासूबाईंनी नोंदबाईंकडे बघितलं. बाईंनी नियम न सांगता त्यांच्या हातात मोजा घातला आणि कडं तळहातावर ठेवलं. ते सासूबाईंच्या मनगटावरही बसलं नसतं.

“हे कुणाचं?” त्यांनी विचारलं.

संचालकसाहेबांनी हळू आवाजात सांगितलं की ही पायातली बेडी आहे. त्या काळच्या जहाजांच्या तळाशी माणसं भरून नेत, विकायला. चाचे जहाज लुटायचे तेव्हा ती माणसंही लुटीत जायची आणि पुढच्या बंदरात पुन्हा विकली जायची. त्यात मुलंही असायची.

“एवढासा पाय,” सासूबाई म्हणाल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. “हे खाली पेंढ्यात पडलं होतं, आणि तुम्ही वर माझा गळ मिरवत होतात.”

मला त्या दिवशी लाज वाटायला पुष्कळ कारणं होती, पण खरी लाज तेव्हा वाटली. पहिल्या दालनासाठी मी चाच्यांवर पानंच्या पानं लिहिली होती, दर्या काय, तुफान काय, छाती काय! जहाजाच्या तळाशी कोण बसलं होतं, तिथवर माझी लेखणी उतरलीच नव्हती. तिलाही बहुधा पायऱ्याच आड आल्या.

साहेबांनी ठरवलं की गळाच्या जागी मधोमध आता ही बेडी ठेवायची, लगेच. पाटी हवी होती. मी तिथेच पेटीला टेकून बसलो, बेडी समोर ठेवून. बावीस वर्षांत पहिल्यांदा वस्तू समोर होती आणि साठ काय, सहा शब्द सुचेनात. पाहुणे थांबले होते. शेवटी जे लिहिलं ते असं:

‘बेडी. लोखंडाची. लहान मुलाच्या पायातली. मुलाचं नाव कुठेही लिहिलेलं नाही.’

दहा शब्द. साहेबांनी वाचलं आणि खिशातला रुमाल काढला. सासूबाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, “आता बरोबर.” हे शब्द लग्नानंतर त्यांनी मला पहिल्यांदाच म्हटले. बायकोने मागाहून तारीख लिहून ठेवली आहे.

खुर्चीचं म्हणाल तर साहेब दिलेल्या शब्दाला जागले. मी लेखनप्रमुख झालो. फक्त त्यांनी हुकूम काढला की यापुढे लेखनप्रमुखाने प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघितल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, आणि त्याच्या सोयीसाठी लेखनप्रमुखाची खुर्ची खिडकीजवळून उचलून तळघरात, पांढऱ्या टेबलाशेजारी ठेवली. रोज बासष्ट खाली, बासष्ट वर. तळं कसं दिसतं ते आता गंजोबा मला सांगतो, कारण खिडकीपाशी डबा खायला तो बसतो.

उरला गळ. गावभर फलक लागलेले, येणारा प्रत्येक जण विचारायचा, तो गळ कुठे आहे? चूक झाली ती झाकायची नाही, असं म्हणून साहेब स्वतः आमच्या घरी आले आणि त्यांनी गळ प्रदर्शन संपेपर्यंत उसना मागितला. सासूबाईंनी आधी त्यांना विहिरीपाशी उभं केलं, तिन्ही बादल्या वर काढल्या, निष्काळजीपणावर चार शब्द ऐकवले आणि मग दोन अटी घातल्या. पहिली, गल्लीत काही विहिरीत पडलं तर जावयाने कामाच्या वेळेतसुद्धा गळ घेऊन धावत यायचं. आतापर्यंत पाच वेळा धावलो आहे. त्यातली एक कळशी सासूबाईंनी मुद्दाम ढकलली असा माझा संशय आहे, पण पुरावा नाही.

दुसरी अट, गळाची पाटी त्या स्वतः सांगतील आणि मी निमूटपणे लिहायची. तिकिटाच्या खिडकीशेजारी ती लावलेली आहे. माझ्या साठ शब्दांच्या पाट्यांपुढे लोक आता थांबतात न थांबतात. हिच्यापुढे मात्र रांग लागते, लोक फोटो काढतात आणि मग हळूच माझ्याकडे बघतात. पाटी अशी आहे:

‘विहिरीतली बादली काढायचा गळ. मालकीण हयात आहे. हात लावू नये. जावयाने तर नाहीच नाही.’